राखेला पाणी

फागण निम्मा सरला की बागेतल्या मोहाखाली उजाडायच्या आधीपासून टपटप सुरू होते. पानं केव्हाच गळून गेलेली, फांद्या नागड्या, आणि त्या फांद्यांच्या टोकांवरून फुलं खाली येतात. पोकळ, गुबगुबीत, लोण्याच्या गोळीसारखी. सूर्य वर आला की त्यांचा वास सुटतो. गोड, जड, थोडा आंबूस. कोणाला तो आवडतो, कोणी नाक दाबतं. माझी नातसून दाबणाऱ्यांतली.

"आबा, त्या झाडखाले नका बठत जाऊ. कपडास्ले वास लागस."

"लागू दे," मी म्हणतो. "तो वास मन्हा शे."

माझा म्हणजे माझाच. त्या मोहाच्या भोवतीचा बागेचा जो तुकडा आहे, पळस, खैर, टेंभुर्णी, बेहडा, साग, अंजन, चारोळी, ज्यांच्याखाली आता शाळेची पोरं पाटी घेऊन बसतात आणि तालुक्याचे साहेब लोक फोटो काढून जातात, तो मी उभा केला आहे. एकट्यानं नाही, हे मला कळतं. पण कोणी विचारलं तर मी आधी माझं नाव सांगतो, मग बाकीच्यांची. या वयात तेवढा हक्क माणसाला असावा.

तेव्हा आमचा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. सगळं धुळ्याचं. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र होणार, अशी बोलणी चहाच्या दुकानात चालायची. मी गाडीवान होतो. तिसरीत शाळा सोडली ती बैलांच्या मागे लागलो. धानोऱ्याचा कापूस स्टेशनावर टाकायचा, डोंगरातून बांबू आणायचा, सारंगखेड्याच्या जत्रेला दुकानदारांचं सामान पोचवायचं. रस्ता कुठे खचतो आणि कुठल्या झाडाखाली बैल सोडावेत, एवढं माझं शिक्षण. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे निम्मा रस्ता काळ्या मातीचा आणि निम्मा दगडाचा. बैलसुद्धा चालीवरून ओळखायचे की आता डोंगर आला.

एकदा शाळेत बाकं उतरवायला गेलो. शांताबाई म्हणून हेडबाई होत्या, नाशिककडच्या. उंच, किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. फळ्यावर त्यांनी देवदाराचं झाड काढलं होतं, खडूचं, फार सुरेख. पोरं मान वर करून बघत होती. मी बाक खांद्यावरून उतरवता उतरवता दारातूनच म्हणालो,

"बाई, हाई झाड पोरस्ले कोठे दखाडशात?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. पोरं हसली.

"मला तरी कुठे दिसलंय ते," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?"

"ढीग शे."

"मग दाखवा. नुसतं दारातून बोलू नका."

हे मला लागलं. दुसरा कोणी असता तर हसून बाक ठेवून गेला असता. मी नाही गेलो. पुढच्या बाजारच्या दिवशी डोंगरातून येताना गाडीत पळसाच्या फुलांची फांदी, खैराचा तुकडा, बेहड्याची फळं, टेंभुर्णीची पिकली टेंभरं आणून शाळेच्या ओट्यावर ओतली. पोरं फळांवर तुटून पडली. बाईंनी खैराचा तुकडा हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे तुटलेलं नको. उभं पाहिजे. जिवंत."

तिथून ती बाग सुरू झाली.

गावाच्या उत्तरेला गावकमिटीची बाग होती. लाल मातीचे वाफे, गुलाब, क्रोटन, मेंदीचं कुंपण. तिच्या मागच्या कोपऱ्यात दगडधोंडे आणि तो जुना मोह. बाईंनी कमिटीकडे तो कोपरा मागितला. कमिटीत छगनशेठ होते. तापीकाठचे गुजर, केळी-उसाचे मोठे शेतकरी, पांढरं स्वच्छ धोतर, मिशी तशीच स्वच्छ. माणूस वाईट नव्हता. फक्त सुरतेच्या एका बागेत त्यांनी कारंजं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पाणी उडत होतं. तो कोपरा त्यांनी कारंज्यासाठी धरून ठेवला होता.

"जंगलमा झाडे कमी शेतस का?" ते मला म्हणाले. "बागमा जंगल कसाले आणस?"

"पोरे जंगलमा जात नहीत. म्हनून जंगल पोरसकडे आणस."

ते हसले. बाईंचा मान होता, म्हणून नाही म्हणाले नाहीत. वायदा झाला. पुढच्या अखाजीपर्यंत कोपरा शाळेचा. अखाजीला हिरवं दिसलं तर कायमचा, नाही तर कारंजं.

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या खानदेशात तो सणांचा सण. लेकी सासरहून येतात, लिंबाला झोके बांधतात. पण ती येते भर वैशाखात. त्या दिवसांत आमच्याकडे दगडसुद्धा सावली शोधतो. छगनशेठनी वायद्याचा दिवस बरोबर निवडला होता. तेही काही कच्चे नव्हते.

रोपं आणायला मला जांगू हवा होता. जांगू वरच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. त्याच्या घराची आणि बागेतल्या मोहाची एक गोष्ट होती. जमीन कमिटीची, पण त्या मोहाची फुलं जांगूच्या घरची. त्याचा बाप वेचायचा, बापाचा बाप वेचायचा. तेव्हा बाग नव्हती, कुंपण नव्हतं. डोंगरात मोहाचं झाड असं घराघराचं असतं. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही, मग ते झाड कोणाच्या का शेतात असेना. कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. कमिटीनं तारेचं कुंपण घातलं तेव्हा मी भांडून डोंगराच्या बाजूला एक वाट ठेवायला लावली. छगनशेठ म्हणाले, "बागले मांगलं दार कसाले?" मी म्हटलं, "जांगू काय उडी मारी येई?"

त्या पावसात जांगूनं रोपं काढून दिली, मुळांना ओल्या मातीचे गोळे थापून. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा घेताना लोक त्याचे दात बघतात, तसा तो एकेका रोपाचं मूळ बघायचा. नाही आवडलं तर परत मातीत. शाळेतल्या प्रत्येक पोराला एक रोप. बाईंनी पत्र्याच्या पाट्या रंगवल्या, वर मराठी नाव, त्याखाली आमच्या अहिराणीतलं, त्याखाली डोंगरातलं. हिवाळाभर पोरं तांब्या-तांब्यानं पाणी घालत होती. थंडी सरताना बाईंनी एक गोष्ट शिकवली. रोपाच्या बुडाशी वाळलं गवत पसरायचं, म्हणजे ओल टिकते. पोरांनी सगळ्या तुकड्यात सोनेरी गवत अंथरलं. दिसायलाही छान दिसायचं.

आता या मोहाखाली बसलो की ते गवत मला अजून दिसतं. ऊन तिरपं पडलं की चमकायचं.

मोहाची पानं फुलांच्या आधी गळतात. खाली वीतभर पाचोळा साचतो आणि त्यात फूल पडलं तर सापडत नाही. म्हणून डोंगरातली माणसं फुलांच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. हातात ओली फांदी घेऊन, हळूहळू, झाडाभोवती गोल. जमीन चुलीच्या बुडासारखी काळी आणि स्वच्छ होते, मग पांढरं फूल लांबून दिसतं. जांगूच्या घरी हे आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. त्यात चूक काहीच नाही. बाईंच्या गवतातही चूक काही नाही. दोन्ही चांगल्या गोष्टी एकाच ठिकाणी आल्या, एवढंच.

होळी आठवड्यावर आली होती. सकाळी मी बैलांना पाणी दाखवत होतो आणि बागेच्या बाजूनं धूर दिसला. आमच्याकडे त्या दिवसांत कुठे ना कुठे धूर असतोच, पण हा धूर फार लवकर फार उंच गेला. धावलो. जांगू आणि त्याची बायको सुरकी ओल्या फांद्यांनी जमीन बडवत होते. वारा फिरला होता. पाचोळ्यातली आग गवतावर गेली होती, आणि बाईंचं सोनेरी गवत जाळाला रोपारोपापर्यंत घेऊन जात होतं. मी गोणपाट ओलं करून पडलो त्यात. माळी आला, शेजारचे आले. आग विझली तेव्हा विझवण्यासारखं फार राहिलंही नव्हतं. मोह तसाच उभा होता, बुंधा थोडा काळा. त्याच्या चारी बाजूंना काळी जमीन, त्यात काळ्या काड्या, आणि पत्र्याच्या पाट्या, रंग फुगून आलेल्या. नावं वाचता येत नव्हती. मला तशीही कमी यायची.

जांगू मोहाला पाठ लावून खाली बसला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. 

छगनशेठ आले. मागून अर्धा गाव.

"चौकीवर द्या त्याले," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मी जांगूच्या पुढे उभा राहिलो. "तो मन्हा दारथीन आत उना. त्याले जे करनं व्हई ते माले करा."

"दार मी नको म्हनत व्हतू," छगनशेठ म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "चौकी-बिवकी काही नको. पन उखा, आते दार बंद कर. आनि अखाजीले मी गवंडी लई येस."

"अखाजीले या," मी म्हणालो. "दार उघडंच ऱ्हाई."

"काय दखाडशी? राख?"

"या तर खरं."

मला काही माहीत होतं म्हणून बोललो, असं नाही. खोटं कशाला सांगू. मला फक्त मानायचं नव्हतं.

गर्दी गेल्यावर बाई आल्या. त्या रडतील असं वाटलं होतं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि गुडघे टेकून एकेक काडी जमिनीलगत खरवडायला लागल्या. काही ठिकाणी सालीखाली हिरवी रेघ दिसली, दोऱ्याएवढी. काही ठिकाणी नुसता कोळसा.

"सगळी नाही जगायची, उखाभाऊ."

"पण काही?"

"मला सांगता येत नाही. पाणी तेवढं थांबवू नका."

त्या चैत्रात मी राखेला पाणी घातलं. याच कामासाठी माणसानं जन्म घेतला असावा तसं घातलं. बागेची विहीर तळाला गेली, तर गाडीवर पिंप बांधून नदीच्या डोहातून आणलं. भाडी सोडली. चहाच्या दुकानासमोरून गाडी जायची आणि दुकानदार मुद्दाम ओरडायचा,

"काय उखा, राख उगनी का?"

"तुन्हा चहाना रंगपेक्षा बरी दिसस," मी म्हणायचो आणि बैलांना हाकायचो. तोंडानं मी कधी कमी पडलो नाही. पण रिकाम्या पिंपाशेजारी उभा राहून त्या काळ्या जमिनीकडे बघताना सगळं वाया जाणार असं वाटायचं, ते कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिला न सांगता कळायचं.

यमुना तिचं नाव. "घरना रांजन कोरडा अन गावना काड्यास्ले पिंप," ती म्हणायची. म्हणायची आणि स्वतःच हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जायची.

आणि वर डोंगर त्या दिवसांत काय दिसत होता. पळस पेटलेला, कड्याकड्यानं. दरवर्षीच पेटतो, पण त्या वर्षी मला तो बघवत नव्हता. लालभडक फुलं बघितली की आमच्या तुकड्यातली काळी काडी डोळ्यापुढे यायची. कोकीळ ओरडायचा तोही चिडवल्यासारखा. आज त्याच रंगाकडे बघत मी तासन्‌तास बसतो. माणूस तोच, डोंगर तोच, पळस तोच. त्या वर्षीची काळजी तेवढी त्यातून निघून गेली आहे, म्हणून रंग मोकळा दिसतो.

मोह मात्र आपल्या वेळेला फुलला. त्याला काय. फुलं पडायला लागली, काळ्या जमिनीवर पांढरी, इतकी स्पष्ट की मोजावीत. जांगू आणि सुरकी उजाडताना आले, टोपल्या घेऊन, आणि दारातच बसले. आत येईनात.

"वेच ना," मी म्हणालो.

"नही. औंदा फुले तुन्ही. मी तुन्हं जाळं."

"मन्हं कसं? झाड तुन्हं शे."

"नही घेवाव."

"मंग मीभी नही घेवाव."

तो त्याच्या जागी बसला, मी माझ्या. फुलं पडत होती. ऊन चढलं, वास सुटला, मुंग्या लागल्या, कोणाच्या तरी शेळ्या कुंपणापाशी येऊन माना वर करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तेच. हट्टात तो माझ्या तोडीचा निघाला, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या सकाळी यमुना हंडा घेऊन आली. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं, हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि मोहाखाली वाकून फुलं वेचायला लागली. ओंजळ भरली की नेऊन सुरकीच्या टोपलीत टाकायची.

"दोन्ही माणसे तोंड फिराई बठनात अन आठे शेळ्यासनी चंगळ," ती सुरकीला म्हणाली. "ऊठ वं माय. यास्ना नादमा फुले कुजतीन."

सुरकी हसली. ओठांवर पदर धरून, पण हसली. उठली. मग दोघी वेचत राहिल्या. जांगू थोडा वेळ बसला, मग त्यानं यमुनेचा हंडा उचलला आणि जाऊन राखेत ओतला, एकेका काडीच्या बुडाशी, हाताचा आडोसा धरून. त्या दिवसापासून सकाळी फुलं आणि मग पाणी, असा त्यांचा नेम झाला. गावानं ते पाहिलं. चहाच्या दुकानातून विचारणं बंद झालं.

एका सकाळी काळ्या मातीत मला लाल ठिपका दिसला. धूळवडीचा गुलाल राहिला असेल, असं वाटलं. वाकून फुंकर घातली तर उडेना. टेंभुर्णीचा कोंब होता. नखाएवढा, तांबूस, ओला ओला. मी त्याच्यावर टोपली पालथी घातली आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बघायला गर्दी झाली असती आणि कोणाचा तरी पाय पडला असता. खरं म्हणजे मला तो थोडे दिवस माझ्यापुरता हवा होता. मग पळसानं उंदराच्या कानासारखं मऊ पान काढलं. खैर, साग, अंजन, कुठे कुठे. मोहालाही नवी पालवी आली, तांब्याच्या भांड्यासारखी. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी टोपली परत नीट पालथी घातली.

पण काही जागा काळ्याच राहिल्या. चारोळीची तर सगळीच गेली.

अखाजीच्या सकाळी छगनशेठ आले. बरोबर गवंडी, हातात दोरी, खुंट्या आणि चुन्याची टोपली. शाळेला सुट्टी होती, तरी बाईंनी पोरं जमवली होती. प्रत्येक पोर आपापल्या रोपाशी उभं. पावलाशी दोन-चार पानं, कुठे एकच. लांबून बघितलं तर जमीन अजून काळीच दिसत होती आणि मधे मधे पोरं. हिरवं म्हणावं एवढं काही नव्हतं. गवंड्यानं खुंटी काढली.

छगनशेठ चालायला लागले. एकेका पोरापाशी थांबायचे, वाकायचे, पाहायचे, पुढे जायचे. मी मागून चाललो होतो.  एका जागी वेणू उभी होती, आमच्या गल्लीतल्या तेल्याची पोरगी. हात मागे, मान ताठ. तिच्या पायाशी काही नव्हतं.

"तुन्हं कोठे शे?" छगनशेठनी विचारलं.

"मरी गयं."

"मंग आठे काय करी ऱ्हायनी?"

"झाड मरी गयं," वेणू म्हणाली. "जागा मन्हीच शे ना."

छगनशेठ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मोहाकडे पाहिलं. तिथे जांगू आणि सुरकी बुंध्याला टेकून उभे होते, जागा त्यांचीच असल्यासारखे. मग माझ्याकडे. मिशीवरून हात फिरवला.

"गुंडाळ रे दोरी," ते गवंड्याला म्हणाले. आणि मला, जाता जाता, "पन उखा, हिरवं म्हनाले लाज वाटस इतलंच शे."

"पुढला अखाजीले या," मी म्हणालो.

आले. त्याच्या पुढच्यालाही आले. म्हातारपणी तर रोज संध्याकाळी येऊन टेंभुर्णीखाली बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की हा तुकडा आपण कमिटीतून मंजूर केला. मी समोर असलो तरी सांगायचे. कारंजं त्यांनी पुढच्या दाराशी बांधलं. ते किती चाललं, हे मी सांगत नाही. गेले बिचारे.

जांगू गेला, सुरकी गेली, बाई बदलून गेल्या, माझी यमुनाही गेली. मागलं दार आहे. त्याला कुलूप लावायला एकदा कमिटीचा नवा माणूस आला होता, मी खुर्ची टाकून दारात बसलो, तो परत गेला. मोहाखाली आता कोणी जाळ करत नाही. जांगूनंच दुसऱ्या वर्षापासून थांबवलं. फागण लागला की शाळेची पोरं झाडू घेऊन येतात, पाचोळा लोटून झाडांच्या बुडाशी घालतात, जमीन आरशासारखी करतात. मग डोंगरातून जांगूची नातसून टोपली घेऊन येते. पोरांना वाटतं हा शाळेचा धडा आहे. आहेच.

चारोळी आम्ही पुन्हा लावली. वेणूच्या जागेवर ती सगळ्यात चांगली आली. वेणू आता नवापूरला असते, नातवंडांची आजी आहे, गुडघे दुखतात. अखाजीला माहेरी आली की घरी पिशवी टेकवायच्या आधी बागेत येते. मागल्या दारानं आत येते, चारोळीपाशी जाते आणि हात मागे बांधून थोडा वेळ उभी राहते. मी बाकावरून बघतो. हाक मारत नाही. ती तिच्या जागेवर उभी असते, मी माझ्या.